मेणावरचे पडदे

भर वैशाखात, सिमेंटच्या गोणीत गुंडाळून
वेचला राठवा घांगळी घेऊन आला
दांडिया बाजारातल्या माझ्या दुकानात.
दोन भोपळे, एक बांबू, दोन तारा.
एका भोपळ्याला तडा,
पडदे निम्मे गळलेले.

सयाजीगंजात सातव्या मजल्याचा स्लॅब भरतो तो.
वाद्य मामाचं. मामा गेला तेव्हापासून
कवांटच्या घरी आढ्याला टांगलेलं.
उंदरांनी राखलं, म्हणाला,
आम्ही नाही राखलं.

तडा मी बुजवला लाखेनं,
आतून जुन्या तंबोऱ्याची चकती लावून.
मग पडदे: मोरपिसाचे देठ, मधमाशीच्या मेणावर.
पन्नास वर्षं सतारी जुळवतोय,
हात आपसूक पेटीकडे गेला.
काळी चार दाबून धरली
आणि देठ सरकवत सरकवत
गंधार आणून बसवला गंधाराच्या जागी.

वेचलानं वाजवून पाहिलं.
बराच वेळ.
"गोड झालीय," म्हणाला,
"पण मला ओळखत नाही."

नखानं मेण उकरलं त्यानं,
फुंकरीनं ऊब दिली,
आणि मामाची कथा पुटपुटत
एकेक देठ मागे नेला,
माझ्या कानाला टोचेल इतका मागे.
मी दोनदा तोंड उघडलं.
उतरलेल्या गंधारासाठी वडिलांनी
माझ्या बोटांवर गज मारला होता,
तो अजून दुकानातच आहे, कोपऱ्यात.
दोनदा मिटलं.

पाण्यावर पृथ्वी साईसारखी धरू लागली
तिथे कथा थांबली.
"पुढे?" त्याच्या पोरीनं विचारलं, रेवलीनं.
इतका वेळ ती मोबाइलमध्ये होती.
"पुढचं मामाच वाजवायचा.
मी तोवर झोपलेला असायचो."

बाहेर रिक्षावाले भांडत होते.
पृथ्वी अर्धीच, तशीच तरंगत राहिली
माझ्या काउंटरवर, खुंट्यांच्या डब्याशेजारी.

नदीपलीकडे एक म्हातारा आहे म्हणे,
मामाचा जोडीदार. दात नाहीत, पण कथा आहे.
रविवारच्या एसटीनं जाणार, पोरीला घेऊन.
ती जागी राहते रात्री, म्हणाला,
फोनमुळे का होईना.

उरलेलं मेण रेवलीनं मागून घेतलं,
गोळी करून मुठीत ठेवलं.
मी पावती फाडायला घेतली.
सवयीनं लिहिलं: जुळवणी, तीनशे.
खोडलं.
भोपळ्याचा तडा, शंभर.