मिटवलेली फाइल

स्लाउच्या औद्योगिक वसाहतीत पहाटे तीनला
चॉकलेटच्या कारखान्याचा वास कुंपणापर्यंत येतो.
आत येत नाही.
आत पंख्यांची घरघर
आणि रॅकच्या पाठीमागून सुटणारी गरम हवा,
जिच्यावर मी हात शेकते
नियमात बसत नसलं तरी.

सर्व्हर सतरा. डिस्क भरली.
हॅलिफॅक्सच्या डेलिया मंडळाची साइट पांढरीफटक,
प्रदर्शनाच्या नोंदी सकाळी नऊला बंद,
आणि मिसेस थ्वेट दर दहा मिनिटांनी मेल टाकताहेत.
प्रत्येक मेल आधीच्यापेक्षा नम्र.
हे लक्षण चांगलं नाही.

एक कमांड म्हणते, शंभर टक्के.
दुसरी एकेक फोल्डर मोजून म्हणते, एकसष्ट.
खोटं कुणीच बोलत नाहीये.
मधले एकोणचाळीस मात्र कुठल्याच खात्यात नाहीत.
आमच्या सोसायटीचे खजिनदार
वार्षिक सभेच्या आदल्या रात्री असेच दिसायचे.

मग सुचलं विचारायचं:
मिटवलेलं काय काय अजून कुणाच्या हातात आहे?

एकच ओळ आली.
लॉग फाइल, मिटवलेली.
तिला धरून बसलेली प्रोसेस चारशे अकरा दिवसांची.
सुरू करणारा ऑलविन,
जो आता कार्डिफला बस चालवतो.
मिटवणारी मी.
मार्चमधली अशीच घाई. एंटर दाबलं, चहाला गेले.

मी फक्त दारावरची पाटी काढली होती.
आत लिहिणं चालूच होतं
पत्ता नसलेल्या खोलीत,
सेकंदाला कितीतरी ओळी.

प्रोसेस मारली तर जागा सुटेल,
पण ती परत कशी उठवायची, कशाच्या आधी, कशाच्या नंतर,
हे ऑलविनने कुठे लिहून ठेवलेलं नाही.
तेव्हा मारायची नाही.
तिच्या हातातली फाइल हातातच रिकामी करायची.
त्याआधी शेवटच्या ओळी वाचल्या.
गरज नव्हती.

रांग रिकामी. पुन्हा बघते.
रांग रिकामी. पुन्हा बघते.
रांग रिकामी.

एंटर.
शंभरचे एकसष्ट झाले, आवाज न होता.
हॅलिफॅक्समध्ये डेलिया उगवल्या,
आधी खालच्या पाकळ्या, मग वरच्या.
मिसेस थ्वेट लिहितात, मी झोपलेच नव्हते, डियर.

तिकिटात 'कारण' असा रकाना असतो.
डिस्क भरली, असं लिहिलं.
खोडलं.
लिहिलं: मार्चमध्ये मी.

आता सहा वाजायच्या आत ऑलविनला गाठायचं,
पहिली फेरी सुटण्याआधी.
फाइलमध्ये तोवर
चार हजार नव्या ओळी.