खुंटी कोण सैल करतंय

दव पडेल म्हणून अब्बा भोपळे आत घेत होते.
एकेकाला टिचकी मारायची, कान लावायचा, मग उचलायचा.
मी टाकीच्या कठड्यावर एक पाय रोवून
गवंड्याच्या टेपचे तुकडे पाइपवर ताणून केलेला अँटेना
अथणीच्या दिशेला रोखून उभी.
खाली सतारमेकर गल्लीत कुणीतरी रंधा मारत होतं.

सात एकेचाळीसला तो तिकडून उगवणार,
पूर्वेच्या अंगानं चढत
दंडोबाच्या मागं उतरणार.
चौऱ्याहत्तर साली सोडलेला उपग्रह. माझ्याहून वडील.
बॅटरी मेली, वीसेक वर्षं गप्प फिरला,
मग एके दिवशी नुसत्या उन्हावर
आपणहून बोलायला लागला.
ऊन असेतो जिवंत. सावली आली की मुका.
अब्बा म्हणाले, भोपळ्याचं पण तसंच आहे,
वेल सुकल्याशिवाय आवाज धरत नाही.

गल्लीत रात्र झालेली.
वर, त्याच्यापाशी, अजून ऊन होतं.

आधी नुसती खरखर,
मग तिच्यातून एक बारीक शिटी, तुटक तुटक.
अब्बांच्या हातातला भोपळा हातातच राहिला.
पांढरी पाच, ते म्हणाले.
थोड्या वेळानं: काळी तीन.
मग कपाळाला आठी घालून:
खुंटी कोण सैल करतंय?

कुणी नाही अब्बा. तो चाललाय ना,
जवळ येताना सूर चढा, लांब जाताना उतरता,
कोल्हापूरच्या गाडीची शिटी फाटकात ऐकता ना, तसं.
पण म्हणतोय काय?
हाय हाय म्हणतोय.
बरोबर आहे, अब्बा म्हणाले,
पन्नास वर्षं एकट्यानं फिरायचं म्हणजे.

जंक्शनच्या तारघरातून निवृत्त झालेल्या कुलगुडे मास्तरांनी
स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवून मला शिकवलेलं,
तारेच्या भाषेत ते हसणं असतं.
मी नाही सांगितलं.

शिटीपासून जरा बाजूला सरकले.
एक माणूस बोलत होता, पण बदकासारखा.
बटण केसभर फिरवलं, अजून केसभर.
हे मला रेडिओनं नाही शिकवलं.
घोडीवर तारेखाली सूत सरकवत
जवारी खुलायची वाट बघत बसलेली बोटं
लहानपणापासून बघितलीत.
आणि खुलली. बदकाचा माणूस झाला,
श्रीलंकेतल्या गॉलचा, विजेकोन नावाचा,
आवाजावरून सत्तरीचा, दम्याचा.

मी माझी खूण सांगितली, गाव सांगितलं, चौकोन सांगितला:
एम के शहात्तर.
पलीकडे एकदम लहान मुलासारखं,
शहात्तर? मिळत नव्हता कधी! थांबा, लिहून घेतो,
पेन... हां. मीरज. एम, आय...
आणि मध्येच थांबून,
बाई, तुमच्या मागं काहीतरी वाज

एवढ्यावर गेला.
सावलीत शिरला, शब्दाचा शेपूट बाहेर ठेवून.
शिटी नाही, माणूस नाही, खरखर तेवढी.

परवान्यात स्वच्छ लिहिलंय,
या लहरींवर संगीत चालणार नाही.
परीक्षेला हा प्रश्न आला होता,
आणि सगळ्या गल्लीत हे फक्त मला माहीत.
मी वळून बघितलं.
भिंतीला टेकवलेला, धारवाडला जायचा तानपुरा,
दुपारीच मिळवलेला.
त्याच्या चारी तारांवर अब्बांचा पालथा पंजा.

मी हात नाही लावला, ते म्हणाले.
म्हणजे, आता लावलाय. आधी नव्हता.

असेल. माणूस बोलला की भोपळा बोलतो,
त्याला कुठला परवाना.
किंवा नसेलही. अब्बा खोटं बोलताना मिशी चावतात,
बल्बच्या उजेडात नीट दिसलं नाही.

कुठं गेला?
आहे की. तिथंच. अंधारात.
मग?
सकाळी ऊन लागलं की परत.

अब्बांनी तानपुऱ्याला गवसणी चढवली,
नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.
धारवाडच्या बाईंना विचारून बघू,
ते जिन्यात शिरता शिरता म्हणाले,
अर्धा सूर खाली चालेल का.