सहा रुपयांची नदी

प्राणिसंग्रहालयाची रांग पार पुलावर येऊन ठेपली होती.
मंदिरा म्हणाली, वाघ काय आपल्यासाठी उठून बसणार आहे?
आणि आम्ही वळलो,
आई, मंदिरा, टुकाई, मी
आणि चार खणांचा डबा,
त्यात पुऱ्या, दम आलू, उकडलेली अंडी,
आणि सगळ्यात खाली, गुप्तधनासारखे,
नव्या गुळाचे संदेश.

महिन्यातून एकच रविवार आमच्या दोघांचा जुळतो.
तिचं नर्सिंग होम, माझा छापखाना;
एकाची सुट्टी नेमकी दुसऱ्याच्या पाळीवर पडते,
दुसऱ्या पानाची शाई उमटावी तशी.
म्हणून हा वाया घालवायचा नाही असं ठरवून
आम्ही तो सकाळपासून
वाया घालवत होतो.

मैदानात जागा म्हणाल तर मैलभर,
पण जिथे चादर पसरावी तिथे कुणाचा तरी फुटबॉल.
शेळ्या तेवढ्या निवांत.
घोडेवाला टुकाईच्या मागे लागला,
टुकाई घोड्याला बिचकला, घोडा फुग्याला,
आणि फुगेवाला म्हणाला, दहाला दोन.
आईनं माकडटोपी हनुवटीखाली ओढली.
ऊन लख्ख.
पौषातली हवा बाधते, म्हणाली, तुम्हाला काय कळणार.

मग बाबूघाट.
पाय मोकळे करायला निघालेलो,
पायच म्हणाले, आता कुठंतरी बसा.
खिडकीतल्या माणसानं विचारलं, कुठं?
मी म्हणालो, हावडा.
तिथं आमचं कुणी नाही. कामही नाही.
पण सर्वांत जवळचं दूर
तेच होतं.

लाँच सुटली.
इंजिनाची धडधड तळव्यांतून गुडघ्यांत आली.
टुकाईनं तिकीट उन्हात धरलं:
एवढी मोठी नदी, सहा रुपयांत?
लहानांना फुकट, आई म्हणाली.
मंदिरा झोपली,
माझ्या खांद्यावर नाही, लोखंडी खांबावर डोकं टेकून.
खांब बोलत नाही, म्हणाली.
समोर एक माळी झेंडूच्या टोपल्यांना रेलून घोरत होता,
गुडघ्यावर रुमाल.
आईनं संत्रं सोललं, एक फोड टुकाईला, एक मला,
आणि एक त्या रुमालावर ठेवली.
जागा झाला की खाईल.

हावडा आलं. सगळे उतरले.
दोर बांधणारा पोरगा म्हणाला, काका, हाच शेवट.
मी धावत गेलो, खिडकीतून पुन्हा तिकिटं घेतली,
धावत आलो.
तिसऱ्या फेरीला डबा उघडला.
चौथ्या फेरीला त्या पोराच्या तळहातावर संदेश.
त्यानं तो अर्धा खाल्ला,
अर्धा कानामागच्या विडीसारखा जपून
कागदात गुंडाळून खिशात घातला.
पाचवीला, की सहावीला,
ऊन पुलाच्या लोखंडात अडकून तांबडं झालं
आणि आईनं टोपी काढली.
वाऱ्यानं तिचे केस विस्कटले.
तिनं विस्कटू दिले.
मी नदीकडे पाहत राहिलो,
कुणाच्या लोटलेल्या दारातून
चुकून आत डोकावल्यासारखं झालं मला.

गल्लीत बारिकदा दुकानाची फळी लावत होते.
कुठं जाऊन आलात?
हावड्याला, आई म्हणाली.
गाडी होती?
नाही.
मग कुणाला सोडायला? आणायला?
नाही रे बाबा.
मग कशाला?

डबा खायला.

बारिकदांनी मान डोलावली,
फळी बसवली, कडी घातली.
पटलं असावं त्यांना.
किती फेऱ्या, एवढंच विचारलं.