आवृत्ती पहिली, शुद्धिपत्रासह

दोन्ही बोर्ड टेबलावर, खाली कालचा पेपर.
डावीकडे ‘ए’, उजवीकडे ‘बी’.
अनसाभाटातल्या माझ्या दुकानात पंखा फुल आहे,
पेपर उडू नये म्हणून मधे
एक मेलेला ट्रान्सफॉर्मर ठेवलाय.

‘बी’ कोइम्बतूरहून आला, फुग्यांच्या प्लास्टिकात गुंडाळून.
देखणा आहे, खोटं कशाला बोलू.
तांब्याच्या वाटा सरळ, वळणं मोजून घेतलेली,
एकही कपॅसिटर फुगलेला नाही.
लावला, आणि पहिल्याच खेपेला यंत्र जागं झालं.
सकाळपासून सातपर्यंत चालवलं. कुरकुर नाही.

‘ए’ला चार वेळा धुतलाय.
बॅटरी फुटून कोपरा हिरवा पडला होता,
विहिरीच्या कठड्यासारखा.
माडाचं विनेगर, मग स्पिरिट, मग दातांचा ब्रश.
शेजारच्या बेकरीतला कायतान दारात येऊन विचारतो,
‘लोणचं घातलंस काय रे?’

उलटा केला की पाठीवर एक तार दिसते.
निळी, बोटभर, हातानं डाग दिलेली.
कारखान्यातच कुणाच्या तरी ध्यानात आलं असणार
की हा पाय त्या पायाला जोडायचा राहिला.
तोवर बोर्ड छापून झाले होते.
मग कुणीतरी रांगेत बसून
हजार पाठींवर हजार तारा चिकटवल्या.
‘बी’वर ही तार नाही. तिची वाट आत छापून टाकली,
चूक पोटात घातली.

सुलक्षा लोटलीकरांना तार दाखवली तर म्हणाल्या,
‘म्हणजे शुद्धिपत्र.’
छापखान्यातलं माणूस. पटकन नाव देतं.

छापखाना मिटून बावीस वर्षं झाली.
लग्नपत्रिका, मयताच्या बातम्या,
बोडगेश्वराच्या जत्रेतल्या नाटकांची पत्रकं
लोटलीकरांनी याच यंत्रावर जुळवली.
अक्षरंही स्वतः काढली, एकेक, रात्री,
ठिपका ठिपका भरत.
‘ए’ ती सगळी ओळखतो.
‘बी’ एक सोडून सगळी.
मी जुनं पत्रक उघडून पाहिलं:

स्थ□ : देव□ासमोर
वे□ : रात्री दहा

जागा नाही, काळ नाही,
आणि तरी रात्री दहाला कुठेतरी पडदा वर जाणार.
मी बराच वेळ त्या चौकोनांकडे बघत बसलो.

‘ए’वर ‘ळ’ येतो. पोट भरलेला, शेपूट वळवलेला.
पण वीस मिनिटांत बोर्ड तापतो,
आणि तापला की गोठतो.
असं का, ते तीस वर्षं डाग देऊनही
मला नीट सांगता येत नाही.

मी बाईंना हिशोब सांगितला.
हा दिवसभर चालेल, एक अक्षर कमी.
तो वीस मिनिटं, अक्षरं पूर्ण.
पैसे दोन्हींचे सारखेच.
मनात म्हटलं, ‘बी’ घ्या. पावती फाडतो. सुटतो.

त्या हसल्या.
‘गोठायचा तो पहिल्या दिवसापासूनच.
म्हणून आमची पत्रकं आखूड.
गावात म्हणायचे, लोटलीकर मोजकं लिहितो.
मोजकं कसलं! घड्याळ बघून लिहायचा.’

वीस मिनिटांत होईल? मी विचारलं.
‘पुरो,’ त्या म्हणाल्या.

‘बी’ परत प्लास्टिकात गेला,
वर पेनानं लिहिलं: उत्तम. दोष नाही.
खणात ठेवताना जरा वाईट वाटलं, त्याचा काय गुन्हा.

‘ए’ बसवला. चार स्क्रू. पाचवा सापडला नाही.
बाई चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढतात.
‘स्थळ’ टाइप करतात. थांबतात. पुन्हा वाचतात.
सोळाव्या मिनिटाला मी बोर्डाजवळ हात नेतो,
कढईची वाफ बघावी तसा.
अठराव्याला म्हणतो, बाई, सेव्ह करा.

थांब रे, म्हणतात. वेळ घालायची राहिली.