दुसरं पाणी

अंगणात गाडी थांबवली तेव्हाच दिसलं,
स्वयंपाकघराच्या काचा आतून पांढऱ्या झालेल्या.
मे महिना. तळ्यावरचा बर्फ जाऊन जेमतेम दहा दिवस,
धक्क्याच्या सावलीत अजून त्याचा एक मळका तुकडा,
आणि आई खिडक्या लावून अळंबी उकळत होती.

या अळंबीला आमच्याकडे कान म्हणतात.
मेंदूसारखी दिसते, असं कुठेतरी वाचलं परवा.
मी अजून कानच म्हणतो.
कच्ची पोटात गेली तर माणूस जातो.
वाफसुद्धा अंगाला लागते, म्हणून खिडक्या सताड हव्यात.
दोनदा उकळायची, दोन्ही पाणी फेकायची,
मग लोणी, कांदा, साय.
अख्ख्या फिनलंडमध्ये हे पोराटोरांनाही पाठ,
पण आमच्या घरी त्याची म्हण होती, आईनेच जुळवलेली:

पहिलं पाणी रानाचं,
दुसरं पाणी मरणाचं,
तिसऱ्या खेपेला आपलं.

तुइया आणि मी चमचे आपटत ती म्हणायचो,
आणि वडील खोटंखोटं मरून
खुर्चीवरून घसरायचे. दर वर्षी.

"इल्पो, बूट काढ," ती म्हणाली.
म्हणजे मी तिला ओळखू येत होतो.
बूट न काढताच मी एक खिडकी उघडली, दुसरी उघडली,
तिसरीची कडी रंगात चिकटली होती, ती बुक्की मारून.
"थंडी येते रे."
"येऊ दे."

ख्रिसमसला तिने पाठवलेल्या मोज्यांना टाच नव्हती.
दोन सरळ नळ्या, करड्या लोकरीच्या,
टाके मात्र तिचेच, एकसारखे, घट्ट.
मी हसलो. आठवडाभर घातलेसुद्धा.
म्हटलं, डोळे अधू झालेत.
शेजारचा वेइक्को म्हणाला, अंड्यांचे पैसे तिसऱ्यांदा देऊन गेली,
मी म्हटलं, बाई पहिल्यापासून प्रामाणिक.
कोणी फी दिली नव्हती,
तरी वर्षभर मी तिचं वकीलपत्र घेऊन हिंडत होतो.

तिने झारा घेतला.
पातेल्यातून अळंबी थेट तव्यावर, लोण्यात, चर्र.
"आई, दुसरं पाणी?"

वर्गात जांभई दिलेल्या मुलाकडे बघावं
तसं तिने माझ्याकडे बघितलं,
आणि अख्खी म्हण म्हणून दाखवली.
रानाचं. मरणाचं. आपलं.
एक शब्द इकडचा तिकडे नाही,
आणि झारा चालूच होता,
पहिल्या पाण्यातून तव्यावर,
पहिल्या पाण्यातून तव्यावर.

मी गॅस बंद केला. म्हणालो, डोकं दुखतंय, कॉफी कर ना.
ती कॉफीकडे वळली तेव्हा तवा, पातेलं, झारासुद्धा
मागच्या दाराने बाहेर नेलं,
सौनाच्या मागे फावड्याने खड्डा खणला,
ओतलं, बुजवलं,
वर एक दगड ठेवला, वेइक्कोच्या कुत्र्यासाठी.
हात तळ्यात धुतले. पाणी इतकं गार
की बोटं थोडा वेळ माझी राहिली नाहीत.

कॉफी अगदी बरोबर झाली होती.
मोजून घातल्यासारखी, नेहमीची, कडक.
दोन घोटांत मला वाटायला लागलं
की चूक माझीच, मी आलो तेव्हा
कदाचित दुसरं पाणीच उकळत असेल,
बिचारीचं जेवण मी मातीत पुरून आलो.

तेवढ्यात ती म्हणाली, "आज साय जरा जास्त झाली, नाही?"
टेबलावर दोन कप होते.
ताट एकही नव्हतं.
"छान झाली होती," मी म्हणालो.
तिने ओठ पुसले.

अंधार पडायची वाट बघितली नाही, मेमध्ये तो पडतही नाही.
गाडीत बसून तुइयाला फोन लावला.
खिडक्या उघड्या होत्या, तिसरीसुद्धा,
आत आई कप विसळत होती, गुणगुणत.
कुठून सुरू करावं सुचेना, म्हणून अळंबीपासून केलं.
तुइया बराच वेळ काही बोलली नाही.
मग हळूच विचारलं,
"तुलाही मोजे आले होते?"