ओ-रिंग

वाशीत, सेक्टर सतराला, झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर
हे दुकान.
जिना चढतानाच वास आला आणि मी ओळखला:
नवं रबर, पावडर, ओलसर पुठ्ठा.
भार्गवी म्हणाली, आई,
तुझ्या डब्याच्या पिशवीचा वास येतोय.

ती तेरा वर्षांची. मे महिन्यात मालवणला जायचंय,
शाळेतल्या चार मुली आणि एक बाई.
तिला गुलाबी मास्क हवा होता,
खोक्यावर हसणारा मासा, साडेचारशे रुपये.
मी कड नखाने दाबली.
खूण उमटली, गेली नाही.
पीव्हीसी, मी म्हटलं. दोन उन्हाळ्यांत कडक, तिसऱ्यात तडा.

बिजूभाईंनी हिशेबाच्या वहीतून मान वर केली.
पूर्वी गोदीत पाणबुडे होते ते,
डाव्या कानाने कमी ऐकतात.
खालच्या कप्प्यातून दुसरा काढला. काळा, सिलिकॉनचा.
मी पिळला, सोडला, उजेडासमोर धरला,
कोपऱ्यात बुडबुडा नाही ना पाहिलं.

"पट्टा लावू नको," ते तिला म्हणाले,
"नुसता चेहऱ्याला टेकव. नाकाने श्वास ओढ.
आता हात सोड."
तिने हात सोडले.
मास्क पडला नाही.
ती श्वास रोखून उभी,
आणि मी, उगाच, माझाही रोखलेला.

घरी, दिवाळे गावात, आमचे पद्माकरकाका.
पुलाच्या खांबात जाळं अडकलं की
तोंडात कोयती धरून खाली जायचे,
डोळे मिटून, हातांनी बघत.
वर आले की दोन दिवस कान धरून बसायचे.
सकाळी विचारत होते,
"चष्मा कशाला गो? खारीन काय दिसतं?"
खरंय. आमच्या खाडीत स्वतःचा हात दिसत नाही.
पण त्यांना काच मिळाली असती तर,
असं माझ्या मनात आजवर आलं नव्हतं.

फिन्सवरून भांडण झालं.
मला दोन नंबर मोठे हवे होते.
शाळेचे बूट, गणवेश, रेनकोट,
सगळं हिला पुढच्या वर्षीच्या मापाचं घेतलं मी.
बिजूभाई म्हणाले, ताई, सैल फिन पाण्यात राहून जातो,
पोरगी वर येते.
उघड्या टाचेचे घ्या, पट्टा स्टीलच्या स्प्रिंगचा.
पाय वाढला की आतला बूट बदला, फिन तोच.
हे मला पटलं. भार्गवीला रंग पटला नाही.

सिलिंडर विकत नको म्हणाले, तिथे भाड्याने मिळतो.
मग सहजच एक व्हॉल्व्ह उघडला
आणि चिमटीत धरून दाखवलं
अंगठ्याच्या नखात मावेल एवढं काळं कडं.
"सगळी हवा ह्याच्या भरवशावर. हे गेलं की..."
तोंडाने फुस्स केलं.

अशी दिवसाला तीन हजार जातात
माझ्या टेबलावरून, रबाळ्याला, बावीस वर्षं.
कुठे जातात कोणी सांगितलं नाही.
पंपात, म्हणत. कॉम्प्रेसरमध्ये. गिझरला.
शनिवारच्या शेवटच्या तासाची,
बघितल्यासारखं करून पुढे ढकललेली,
तीही कुठेतरी गेलीच असणार.

मी ते कडं ताणलं. बोटावर फिरवलं.
"हे बदला," म्हटलं. "जोडाच्या रेषेवर चीर आहे."
त्यांनी चष्मा लावून पाहिलं.
मग दिव्याखाली नेऊन पाहिलं.
मग काही न बोलता
प्लास्टिकचा डबा काउंटरवर पालथा केला,
पन्नास-साठ कडी,
आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

भार्गवी आरशासमोर, मास्क कपाळावर,
एका पायात फिन.
"आई, किती वेळ?"
ऐकलं मी.
चौथं बाजूला ठेवलं.
पाचवं बरं होतं.