सातवा खड्डा

चौलात, राऊतांच्या वाडीत
नारळाच्या रोपांसाठी खड्डे खणायचे होते.
खड्ड्याला साठ रुपये, तीन फूट खोल,
दगड लागला तरी तेवढेच.
सातव्यात बुधी हिलमची पहार
खण्ण न वाजता खप्प वाजली.

मडकं फुटलं. आत एक ढेकूळ,
हिरवटकाळं, एकाला एक चिकटलेलं.
बुधीला वाटलं कालवं.
कोयतीच्या टोकानं तिनं एक सोडवलं,
घासलं लुगड्याला,
तर माणसाचं नाक निघालं.

दिवेलागणीला अख्खी पाखाडी वाडीत.
कुणी एक उचललं, कुणी चार.
एक गेलं पोराच्या करगोट्यात,
एक जाळ्याच्या कडेला, शिशाच्या जागी,
एक देव्हाऱ्यात टाकांच्या ओळीत.
तिथं त्यालाही हळदकुंकू लागलं.
परका राजा, पण बसला गुमान.

आणि तीन आली माझ्याकडे, रेवदंड्याच्या पेठेत.
"अप्पा, आटवा. नातीला वाळे करा."

शेगडी पेटलेलीच होती.
सवयीनं काटा घेतला:
एकतीस गुंजा, एकतीस, साडेतीस.
पाडणारा हात नेकीचा असावा.
चिंचेनं मळ काढला.
जाड मान, पानांचा मुकुट, जिवणी जरा कडवट,
आणि कानापासून हनुवटीपर्यंत
छिन्नीचा घाव.

लढाईतला नव्हे. हा घाव मी ओळखतो.
माझा बाप असाच घालायचा,
गिऱ्हाइकाच्या तोंडादेखत, माफी न मागता:
आत तांबं तर नाही ना?

म्हणजे गलबत लागलं होतं खाडीत,
पोती मोजून झाली होती, भरती निघून चालली होती,
सगळ्यांनाच घाई,
आणि माझ्या धंद्यातला कुणी एकजण
डोळा बारीक करून म्हणाला असेल,
थांबा जरा.
अर्ध्या जगाच्या मालकाच्या थोबाडावर
इथल्या सोनाराचा संशय.
दोन हजार वर्षांत राजा झिजला,
घाव नाही.

मूस मी उतरवून ठेवली.

मग महिनाभर दारोदार.
सायकलीला पिशवी, पिशवीत काटा
आणि चांदीच्या भावाचा कागद.
वजनाला वजन देत होतो, घडणावळ माफ.
नाखव्यानं जाळं उसवायला अर्धा दिवस घेतला
आणि चहा माझ्याच पैशांनी प्याला.
एलोजी मास्तरांनी आपलं एक फुकटच दिलं.
गावात त्यांचं आता एकच घर.
म्हणाले, "आमचंही गलबत इथंच फुटलं होतं, अप्पा.
आम्हाला कुणी गोळा करत फिरलं नाही."
देव्हाऱ्यातलं मात्र सुटलं नाही.
सूनबाई म्हणाली, "रोज नैवेद्य खातो तो.
आता कुठं जाईल?"

चाळीस झाली. तलाठ्याला कळवलं.
खड्ड्याभोवती दोरी बांधली,
साहेब आले, चाळणी आली, दाढीचा असतो तसा ब्रश आला.
खोकं मुंबईला गेलं.
पावतीवर: धातूचे गोल तुकडे, नग चाळीस.
राऊतांची सही, माझी सही.
कोणास सापडले, या रकान्यात: मजूर.

आश्विनात बुधी दुकानाच्या पायरीशी उभी.
वर आली नाही.
मला वाटलं, एकेचाळिसावं आणलं.
मुठीत काही नव्हतं.
"तुमचं जुललं का सगलं?"
म्हटलं, एक कमी आहे.
"माजापन येक कमी.
सा खड्ड्यांचे दिले राऊतानं.
सातवा म्हनं पुरा झालाच नाय,
दोरी लागली ना."

दाम हा शब्दसुद्धा, म्हणतात, समुद्रावरूनच आला,
यवनांच्या कुठल्याशा नाण्याचं नाव,
आपल्या जिभांवर घासून गुळगुळीत झालेलं.
मी गल्ल्यातून साठ काढले.

पन्नासाची नोट तिनं उन्हाकडे धरली,
डोळा बारीक केला.
दहाचं नाणं पायरीच्या दगडावर आपटलं,
वाजलं कसं ते ऐकलं.
मग कनवटीला खोचून गेली.